मिनिटाला अणूंचा एक थर

समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या साध्या पोलादाची जाडी वर्षाला सरासरी ०.१ मिलिमीटरने घटते. म्हणजे वहीच्या एका कागदाएवढी. आकडा इतका किरकोळ, की वाचताना जांभई यावी.

पण वर्षात मिनिटं असतात ५,२५,६००, आणि लोखंडात अणूंचे थर साधारण ०.२ नॅनोमीटर अंतराने रचलेले असतात. भागाकार करून पाहा. दर मिनिटाला जवळजवळ एक अख्खा थर! एका चौरस सेंटिमीटरमधून सेकंदाला सुमारे २७ लाख कोटी अणू निघून जातात, रात्रंदिवस.

खारं पाणी लोखंड खातं असं आपण म्हणतो. खरं तर खातो तो पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन. लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवून पाण्यात उतरतो, ते इलेक्ट्रॉन धातूतून दुसरीकडे जाऊन ऑक्सिजनला मिळतात. हे चालू राहायचं तर पाण्यातून वीज वाहायला हवी. लिटरमागे ३५ ग्रॅम क्षार असलेलं समुद्राचं पाणी नळाच्या पाण्याच्या शंभरेक पट सहज वीज वाहून नेतं. क्षार आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, म्हणूनच सर्वांत वाईट हाल पाण्याखाली नसतात. जिथे लाटांचे शिंतोडे उडतात, मीठही आहे आणि हवाही भरपूर, तिथे हा वेग कित्येक पटींनी वाढतो.

आणि सरासरी फसवी असते, हे गोव्याने पाहिलं. पणजीचा मांडवीवरचा पूल १९७० साली सुरू झाला आणि ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. काँक्रीटच्या आतल्या ताणलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. काँक्रीटच्या अल्कधर्मी कुशीत पोलादावर एक अतिसूक्ष्म संरक्षक पापुद्रा धरतो. मिठातलं क्लोराइड तोच फोडतं, आणि मग सगळीकडून सारखं खात न बसता एकाच जागी खड्डा खणतं. ताणलेल्या तारेला तेवढा एक खड्डा पुरतो. भरीला गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त, त्यामुळे काँक्रीट आतूनच तडकतं.

सगळ्या प्रकारच्या गंजाचा जगाला बसणारा फटका २०१३ सालच्या हिशेबाने अडीच लाख कोटी डॉलर, म्हणजे जागतिक उत्पन्नाच्या ३.४ टक्के होता. सेकंदाला ७९ हजार डॉलर! मला मात्र या आकड्यापेक्षा तो मिनिटाचा एक थर जास्त धडकी भरवतो.

यावर उपाय आहे, तोही जुना. जहाजाच्या तळाला जस्ताचे ठोकळे बसवतात. लोखंडाऐवजी जस्त झिजतं. दहा चौरस मीटर उघड्या पोलादाचं वर्षाला आठेक किलो लोखंड जातं; ते वाचवायला दहा-अकरा किलो जस्त लागतं. सौदा तोट्याचा दिसतो, पण ठोकळा बदलता येतो. ही युक्ती हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ साली ब्रिटिश नौदलाच्या तांबं मढवलेल्या जहाजांसाठी काढली. तांब्याच्या दीडशेव्या हिश्शाएवढं जस्त किंवा लोखंड पुरलं. तांबं झिजायचं थांबलं. पण झिजणारं तांबंच विषारी असल्याने तळाला शिंपले चिकटत नव्हते. ते आता इतके चिकटले, की जहाजं मंदावली आणि नौदलाने डेव्हींचे ठोकळे काढून टाकले.