ओळीत मावणारा ट्रॅक्टर

नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षबागेत दोन ओळींमध्ये साधारण 8 ते 10 फुटांचं अंतर असतं. वर मांडव, दोन्ही बाजूंनी लोंबणाऱ्या काड्या. अशा जागी 50 एचपीचा धिप्पाड ट्रॅक्टर घातला, तर सायलेन्सर, तार आणि घड यांपैकी काहीतरी तुटणारच. म्हणून निफाड-दिंडोरीच्या बागांमधून कमरेएवढ्या बॉनेटचे, 15 ते 28 एचपीचे छोटे ट्रॅक्टर फिरताना दिसतात.

यांचं मूळ जपानच्या भातखाचरांत सापडतं. ओसाकाच्या कुबोटा कंपनीने 1960 मध्ये शेतीसाठी आपला पहिला ट्रॅक्टर काढला, तोही लहानच. भारतात व्हीएसटी कंपनीने जपानच्या मित्सुबिशीशी हातमिळवणी करून आधी पॉवर टिलर आणि पुढे छोटे ट्रॅक्टर विकले. महिंद्राचा एका सिलिंडरचा 15 एचपीचा ‘युवराज’ आला, स्वराजने 2021 मध्ये पेट्रोलवर चालणारा ‘कोड’ आणला. 2015-16 च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातलं सरासरी धारणक्षेत्र 1.34 हेक्टर आहे; लहान यंत्राला गिऱ्हाईक का मिळतं, ते या आकड्यावरून कळतं.

पण बागेत या ट्रॅक्टरचा जीव इंजिनात कमी आणि पाठीमागे बाहेर आलेल्या एका आखूड, खाचांच्या दांड्यात जास्त असतो. हा पीटीओ. मिनिटाला 540 फेरे, आणि त्यावर ब्लोअरचा, म्हणजे औषध फवारणाऱ्या यंत्राचा, पंप आणि पंखा दोन्ही चालतात. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की डाऊनी ही बुरशी पानाच्या खालच्या अंगाला धरते. तिथे औषध पोचायचं, तर हवेच्या झोताने पान उलटलं पाहिजे आणि थेंब बारीक राहिला पाहिजे. चालकाने ओळीत हळू जाण्यासाठी रेस कमी केली की पीटीओचेही फेरे उतरतात, झोत मंदावतो आणि औषध वरच्या पानांवरूनच ओघळून जातं. म्हणून जाणता चालक रेस ठरल्या जागी ठेवतो आणि वेग गिअरने साधतो. वरवर साधी वाटणारी ही गोष्ट हातात बसायला एक अख्खा हंगाम जातो.

अडचण इथूनच सुरू होते. 15 एचपीच्या इंजिनातून पीटीओपर्यंत 11-12 एचपीच पोचतात. मोठा पंखा त्यातले बहुतेक खाऊन टाकतो. मग चढावर किंवा चिखलात चाकांना द्यायला उरतं काय? ब्लोअरची 400 लिटरची टाकी म्हणजे नुसतं पाणीच 400 किलो. ती लिफ्टवर टांगली की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकेनासं होतं. पुढे वजनं लावावी लागतात, किंवा स्वतःच्या चाकांवर ओढला जाणारा ब्लोअर घ्यावा लागतो. तो घेतला की ओळीच्या टोकाला, मांडवाच्या ताणांपाशी, वळायला जागा पुरत नाही. फोर व्हील ड्राइव्हने चिखलाचा प्रश्न बराच सुटतो, पण पैसे वाढतात. तसाही 15 एचपीचा ट्रॅक्टर 45 एचपीच्या एक तृतीयांश किमतीत मिळत नाही.

काळ्या रानात खोल नांगरट या छोट्या ट्रॅक्टरकडून होत नाही. उसाची भरलेली ट्रॉली त्याला लावणं म्हणजे ब्रेकची आणि स्वतःच्या जिवाचीही परीक्षा. तीनएक फुटी रोटाव्हेटर, आंतरमशागत, फवारणी आणि खताची हलकी वाहतूक, एवढंच त्याचं राज्य. त्यामुळे नांगरटीला भाड्याचा मोठा ट्रॅक्टर बोलवावा लागतोच, आणि कर्जाचा हप्ता मात्र बारमाही.

सगळ्यात चिंतेची गोष्ट विक्रीच्या पत्रकात नसते. या ट्रॅक्टरांना सहसा केबिन नसते. चालक मांडवाखाली, औषधाच्या धुक्यातच बसलेला असतो, अनेकदा तोंडाला नुसता रुमाल बांधून. पीटीओच्या शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं आवरण फुटलं तर ते बदललं जाईलच असं नाही. फिरत्या शाफ्टला सैल शर्टाची बाही पुरते.

तरीही तीन-चार एकर द्राक्ष, डाळिंब किंवा पेरू असलेल्या बागायतदाराने छोटा ट्रॅक्टर घ्यावा. दोन एकर जिरायत असलेल्याने भाड्यावरच भागवावं. घेणाऱ्याने बागेतल्या सगळ्यात अरुंद ओळीचं माप आणि आपल्या ब्लोअरला लागणारे एचपी कागदावर लिहून न्यावेत, आणि ट्रायल डांबरी रस्त्यावर न घेता, टाकी भरून, स्वतःच्या ओल्या बागेत मागावी.