नेकनूरकरांनो, धारूरचा किल्ला बघितला का?

केजमार्गे गेलं की धारूर. गावाला लागूनच बालाघाटाच्या डोंगरावर हा आदिलशाही किल्ला आहे. १५६७ च्या सुमारास सरदार किश्वरखानानं तो बांधला. पुढच्या काही वर्षांतच मुर्तझा निजामशाहानं हल्ला केला. किश्वरखानाचं पत्र उद्धट वाटलं म्हणून किल्ला घेईपर्यंत निजामशाहा घोड्यावरून उतरायलाच तयार नव्हता! वेढ्यात बाण लागून किश्वरखान पडला आणि किल्ला गेला. १६३१ मध्ये मोगलांनी तो घेतला, नाव ठेवलं फतेहाबाद.

तीन बाजूंना दरी, गावाकडं खंदक आणि दुहेरी तटबंदी. आतले पाण्याचे हौद निवांत बघाच, माझ्या मते खरा किल्ला तिथंच कळतो. पावसाळा सरल्यावर जा, पाणी सोबत घ्या आणि भिंतींवर नावं कोरू नका.