सुईशिवाय इन्शुलिन मिळतं का?

दिवाळीला बुऱ्हाणपूरला घरी गेले, तर फराळापेक्षा पप्पांच्या रिपोर्टचीच चर्चा जास्त. बारा वर्षांची शुगर, तीन प्रकारच्या गोळ्या, आणि आता डॉक्टरांनी रात्री झोपताना एकदा इन्शुलिन घ्यायला सांगितलेलं. पप्पांनी साफ नकार दिला होता. पॉवरलूमवर हाताला लागलं तर फडकं बांधून पाळी पूर्ण करणारा हा माणूस, पण सुईचं नाव काढलं की खोलीतून उठून जातो. त्यात शेजारच्या काकांनी मोबाईलवर बातमी दाखवलेली, की इन्शुलिन आता तोंडाने ओढायचं, टोचायचं नाही. "तू सायन्सवाली ना? बघ बरं, खरं आहे का," पप्पा म्हणाले.

मित्रमैत्रिणींनो, हा प्रश्न तुमच्याही घरी कुणीतरी विचारेल, म्हणून मला जे कळलं ते इथे लिहिते.

पहिली शंका माझीच होती. एवढ्या औषधांच्या गोळ्या होतात, मग याची का नाही? कारण इन्शुलिन हे प्रोटीन आहे, ५१ अमिनो आम्लांची साखळी. पोटाला औषध आणि डाळ यांतला फरक कळत नाही. तिथली आम्लं आणि पाचकरसं ही साखळी तोडून टाकतात. त्यातून काही वाचलंच, तर एवढा मोठा रेणू आतड्याच्या भिंतीतून सहज आत शिरत नाही. म्हणून ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला पहिल्यांदा इन्शुलिन दिलं ते टोचूनच, आणि शंभर वर्षांनंतरही आपण तिथेच आहोत. प्रयत्न झाले नाहीत असं नाही. बंगळुरूच्या बायोकॉनने इन्शुलिनची गोळी रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीपर्यंत नेली होती, पण २०११ मध्ये ती ठरवलेल्या कसोटीला उतरली नाही. तोंडात फवारायचा स्प्रेसुद्धा भारतात येऊन गेला. आज आपल्या मेडिकलवाल्याला त्याचं नाव विचारलं तर तो तुमच्याकडेच बघत राहील.

आता काकांची बातमी. ती खोटी नाही. हुंगून घ्यायचं पहिलं इन्शुलिन, एक्झुबेरा, अमेरिकेत २००६ मध्ये मंजूर झालं आणि खप नाही म्हणून २००७ मध्येच कंपनीने गुंडाळलं. त्याचं यंत्र इतकं मोठं होतं, की चारचौघांत काढायला लोक लाजायचे. त्यानंतर आलं अफ्रेझा. हे तळहातात मावणारं छोटं इनहेलर आहे. त्यात कोरड्या पावडरीचं कार्ट्रिज बसवायचं आणि जेवायला बसताना ओढायचं. २०१४ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये मुंबईच्या सिप्लाला ते भारतात विकण्याची परवानगी मिळाली.

मी खूश होऊन पप्पांना सांगणारच होते, पण बारीक अक्षरांतलं वाचलं आणि थांबले. फुप्फुसांतून गेलेलं हे इन्शुलिन झटपट काम करतं आणि दीड ते तीन तासांत संपतं. ते जेवणानंतर चढणारी साखर धरतं. पप्पांना सांगितलेलं रात्रीचं इन्शुलिन वेगळं. ते हळूहळू सुटत जवळजवळ दिवसभर पुरतं. म्हणजे इनहेलर घेतलं तरी त्यांची ती रात्रीची सुई सुटत नाही. टाइप १ वाल्यांना तर इनहेलरसोबत लांब पल्ल्याचं इन्शुलिन घ्यावंच लागतं.

दुसरी गोष्ट आमच्या गावाची. दमा किंवा फुप्फुसांचा जुना आजार असेल तर हे औषध चालत नाही. बिडी-सिगरेट ओढणाऱ्यांनाही नाही. सुरू करण्याआधी फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी लागते. आणि पप्पांनी तीस वर्षं लूमवरची रुई नाकातोंडात घेतलीय. सकाळी त्यांचा खोकला ऐकूनच आमची गल्ली उठते. बुऱ्हाणपुरात असे किती खोकले असतील, ते मोजायला नको.

पंपाचा विचार मी लगेच सोडला. त्यातही कातडीखाली बारीक नळी बसवावी लागते, आणि खर्च आमच्या आवाक्यातला नाही. युरोपात २०२४ मध्ये आठवड्यातून एकदाच घ्यायच्या इन्शुलिनला मान्यता मिळाली. तीही सुईच, पण सातांच्या जागी एक.

मला सगळ्यात आवडलं ते आयआयटी मुंबईचं काम. तिथल्या एरोस्पेस विभागातले प्रा. विरेन मेनेझेस आणि संशोधक प्रियांका हंकारे यांच्या गटाने 'शॉक सिरिंज' बनवली आहे. पेनापेक्षा थोडी लांब अशा नळीत दाबाखालच्या नायट्रोजनने आघात-लहर तयार होते, आणि औषधाची केसाएवढी बारीक धार कातडीतून आत जाते. मधुमेही उंदरांवर इन्शुलिन देऊन पाहिलं, तर सुईपेक्षा साखर जास्त वेळ आटोक्यात राहिली. विमानांचा अभ्यास करणाऱ्यांना हे सुचावं, याची मला गंमत वाटली.

हे सगळं पप्पांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "तुझ्या आजीला सुई लागली आणि सहा महिन्यांत ती गेली." तेव्हा कुठे मला कळलं, की त्यांची भीती टोचण्याची नव्हतीच. सुई म्हणजे शेवट, असं त्यांच्या डोक्यात बसलेलं. आजीच्या किडन्या आधीच गेल्या होत्या. इन्शुलिन फार उशिरा सुरू झालं. पण घरात हे कुणी कधी मोकळेपणाने बोललंच नव्हतं. आईसुद्धा त्या दिवशी पहिल्यांदाच बोलली.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. सिस्टरने इन्शुलिनचं पेन दाखवलं. सुई चार मिलिमीटर, तांदळाच्या दाण्याहून आखूड. पप्पांनी चष्मा लावून ती दोनदा पाहिली, डोळे मिटले आणि स्वतःच्या हाताने पोटाला लावली. मग विचारलं, "झालं?" ती केव्हाच झाली होती.

आता रोज रात्री साडेनऊला हॉस्टेलवर त्यांचा फोन येतो. परवा विचारत होते, "त्या आयआयटीवाल्यांचं कुठवर आलं गं?"

"अजून उंदरांवरच आहे, पप्पा."

"मजा आहे उंदरांची," म्हणाले, आणि पेन शोधायला गेले.