मोटारीचा वेगरक्षक

पुणे-बंगळूर महामार्गाने कोल्हापुरास येताना काही मोटारींत आम्हांस एक नवल दिसते. चालकाचा पाय पेडलवर नसतो, तरी वेग ढळत नाही. हे कसे घडते? चाकांच्या फेऱ्यांवरून वेग क्षणोक्षणी मोजला जातो. मोटारीतील संगणक तो ठरविलेल्या वेगाशी ताडून पाहतो. चढावर वेग घटताच इंजिनाची हवेची झडप तो अधिक उघडतो, उतारावर आवळून घेतो. ब्रेक दाबताच यंत्र बाजूस होते.

अशा वेगरक्षकाचे पेटंट १९५० साली अमेरिकन अभियंता राल्फ टीटर यांस मिळाले. त्यांची रचना यांत्रिक होती. पाचव्या वर्षीच त्यांची दृष्टी गेली होती! परंतु साधा वेगरक्षक रस्ता पाहत नाही. पुढे उसाची गाडी आली, तर ती पाहून ब्रेक दाबणे हे आपणां डोळसांचेच कर्तव्य होय.