बोलक्या यंत्राचा व्यापार

संगणकास मराठींत प्रश्न विचारावा आणि त्यानें तत्काळ उत्तर द्यावें, याचें आतां आमच्या सेनगांवासारख्या ठिकाणींहि नवल राहिलेलें नाहीं. ३० नोव्हेंबर २०२२ रोजीं 'चॅटजीपीटी' सर्वांस खुलें झालें, तेव्हांपासून या विद्येचा सर्वत्र बोलबाला आहे. घरोघरींचीं मुलें तिच्याकडे धांव घेत आहेत. तेव्हां हिच्यांत पैसा मिळतो तो कोणास व कशाच्या बळावर, याचा विचार वडील मंडळींनीं करणें अवश्य आहे.

अफाट लेखन वाचवून घेऊन, एका शब्दापुढें कोणता शब्द येणें संभवनीय आहे हें या यंत्रास शिकविलेलें असतें. असें मोठें यंत्र घडविण्यास प्रचंड भांडवल लागतें. तो उद्योग बड्या कंपन्यांचा. त्या ग्राहकांकडून मासिक वर्गणी घेतात, अथवा वीज मोजावी तसे शब्दांचे तुकडे मोजून इतर व्यापाऱ्यांकडून आकार घेतात. तुकडे पाडण्याची रीत मुख्यत्वें इंग्रजीच्या सोयीची असल्यामुळें तोच मजकूर मराठींत बहुधा अधिक तुकड्यांचा होतो, आणि खर्चहि त्या मानानें वाढतो.

लहान व्यापाऱ्यानें यंत्र घडविण्याच्या भरीस पडूं नये. तें भाड्यानें घ्यावें आणि त्यांत आपल्या धंद्याचें ज्ञान घालावें. आमच्या हिंगोली जिल्ह्यांत हळद पुष्कळ पिकते. हळदीच्या आडतदारास परप्रांतींचा पत्रव्यवहार, कृषि-सेवा केंद्रास शेतकऱ्यांच्या शंकांचीं उत्तरें, अशीं कामें यंत्राकडून करून घेतां येतील. मात्र हें यंत्र चुकीची गोष्टहि तितक्याच ठामपणें सांगतें. करप्यावरील औषधाचें प्रमाण चुकलें तर पीक शेतकऱ्याचें जातें, यंत्राचें कांहींच जात नाहीं. उत्तर तपासून त्याची हमी घेणारा जाणता माणूस ज्या पेढीवर असेल, तिलाच ग्राहक दुसऱ्यांदा पैसे देईल.

मिळकतीचा आणखी एक मार्ग आहे. यंत्रास शिकविण्यासाठीं माणसांची भाषा लागते. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनीं इतरांच्या साह्यानें केलेला एक प्रयोग २०२० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत खेड्यांतील व शहरांतील अल्प उत्पन्नाचे लोक आणि विद्यार्थी अशा ३६ जणांकडून १०९ तासांचें मराठी बोलणें ध्वनिमुद्रित केलें होतें. गरिबांचें काम विद्यार्थ्यांच्या तोडीचें ठरलें. याच प्रयत्नांतून पुढें आलेली बंगळूरची 'कार्य' संस्था २०२३ सालीं अशा कामास तासाला सुमारें ५ डॉलर देत होती. संग्रह पुन्हा विकला गेल्यास त्याचा मोबदलाहि बोलणाऱ्यांस देण्याचें तिचें धोरण होतें.

आमच्या मतें येथेंच खरी मेख आहे. आपल्या आयाबायांच्या बोलींतून यंत्र शहाणें व्हावें आणि तिचें मोल परक्याच्या खात्यांत जमा व्हावें, हा व्यवहार आंतबट्ट्याचा होय. म्हणून मुलांस संगणक अवश्य शिकवावा; पण त्याबरोबर शुद्ध मराठी, एखाद्या धंद्याची पक्की माहिती आणि करारनामा नीट वाचून मगच सही करण्याची संवयहि लावावी.