रोख मिळणार नाही

पहाटे ५.१०

मामा गजराच्या आधी उठतात. गजर बाकीच्यांसाठी असतो. कमरेला किल्ल्यांचा जुडगा अडकवतात आणि पहिलं कुलूप उघडतात ते साफसफाईच्या कपाटाचं. औषधांचं नंतर. फिनाइल, थिनर, टर्पेंटाइन, हँड सॅनिटायझर, कुणीतरी देणगीत दिलेलं आफ्टरशेव्ह, खोकल्याचं औषध, पंक्चरचं सोल्युशन. ज्यात अल्कोहोल आहे किंवा ज्याचा वास ओढता येतो, ते सगळं इथे. एका डबीत जायफळही आहे. स्वयंपाकाच्या मावशींना लागलं तर त्यांनी मागून घ्यायचं. जायफळ भरपूर खाल्लं की चढतं, हे बाहेर फारसं कुणाला माहीत नसतं. इथे सगळ्यांना माहीत आहे.

भायखळ्याच्या रेल्वेपुलापासून पाच मिनिटांवर ही जुनी दोन मजली इमारत. खाली स्वयंपाकघर, ऑफिस आणि एक हॉल. रविवारी हॉलमध्ये उपासना होते. वर बावीस खाटा. मिशनचं नाव पाटीवर लिहिलंय, पण गल्लीच्या तोंडावरचा वडापाववाला म्हणतो, 'बेवड्यांचं चर्च.' तेच सांगितलं की टॅक्सीवाल्याला कळतं. दारावर खडूने लिहिलेली एक ओळ दर पावसाळ्यात पुसली जाते आणि मामा ती पुन्हा लिहितात. जेवण मिळेल, रोख मिळणार नाही.

५.४०

दोन गाद्या ओल्या. रेक्झिनच्या आहेत, पुसल्या की झालं. चादरी बादलीत. ज्याची चादर त्याने धुवायची हा नियम, पण पहिल्या आठवड्यात मामाच धुतात. कुणी काही बोलत नाही. बावीसपैकी पंधरासोळा जण कधी ना कधी या बादलीतून गेलेत.

६.१५

चहा. मावशी अजून आलेल्या नाहीत, त्यामुळे मामाच टाकतात. चार लिटर दूध आणि साखर डोळे मिटून. दारू सुटलेला माणूस गोडावर तुटून पडतो. मिशनला दिवसाला दीड किलो साखर लागते, सणाला दोन. हिशेब बघणाऱ्या ट्रस्टींनी एकदा विचारलं होतं, इतकी कशी? मामांनी त्यांना सकाळी सहाला चहाला बोलावलं. ते आले नाहीत, पण साखरेचं पुन्हा विचारलंही नाही.

७.००

प्रार्थना, अर्धा तास. पाळकसाहेब नगर जिल्ह्यातले. आत येताना सगळ्यांना 'सलाम' करतात, जुन्या मराठी ख्रिस्ती घरांतली रीत. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एक पद होतं. पेटीवर एक तिशीतला मुलगा. तो लग्नाच्या बँडमध्ये होता. वरातीत नाचणारे खूश झाले की वाजवणाऱ्यांच्या हातात बाटली देतात. सीझनला महिन्यात वीस वराती. बाकीचं त्याने सांगायची गरज नव्हती.

हॉलमध्ये ख्रिस्ती मोजके. निम्म्याहून जास्त हिंदू, चार मुसलमान. सक्ती नाही. पण रिकामं बसणंही नाही. ज्याला प्रार्थना नको त्याने मागे बसून लसूण सोलायचा. आज सहाजण लसणावर आहेत. त्यातले दोन पद गुणगुणतायत.

८.००

गोळ्या. औषधांच्या कपाटाची किल्ली जुडग्यात नसते, गळ्यात असते. डॉक्टरांची चिठ्ठी, रजिस्टर, पाण्याचा जग. नाव पुकारायचं, गोळी हातावर, पाणी, मग तोंड उघड, जीभ वर कर. गालात गोळी दाबून नंतर विकणारे असतात. विकणाऱ्याला बिडी मिळते, घेणाऱ्याला दुप्पट झोप. मामांना हा धंदा माहीत आहे, कारण अठरा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका केंद्रात त्यांनी तो स्वतः केला होता.

मामा सतराव्या वर्षी मुंबईत आले. मस्जिद बंदरला हमाली. पाठीवर साखरेची पोती आणि दुपारी पुलाखाली पन्नीवर गर्द. ब्राउन शुगरची नऊ वर्षं. 'टर्की लागली की,' ते म्हणतात, 'हाडं कुणीतरी पिळतंय असं वाटतं. दोन किलोमीटरवरनं पुडीचा वास येतो.' सोळा वर्षं क्लीन आहेत. पगार सतरा हजार, राहणं-खाणं इथेच. त्यातले दहा बहिणीला जातात.

९.२०

पाठीवर पिशवी. उकडलेली अंडी तीस, पाव, पाण्याच्या बाटल्या, गॉझ, बेटाडिन, बँडेज. सोबत बँडवाला. पायी रे रोडच्या दिशेने.

या शहरात ही फेरी नवी नाही. मुक्तिफौज, म्हणजे साल्व्हेशन आर्मी, १८८२ साली मुंबईत उतरली, तेव्हापासून क्रम तोच. आधी जेवण, मग साबण, मग देव. ऐंशीच्या दशकात ब्राउन शुगर रस्त्यावर आली. १९८१ मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमधून फादर ज्यो परेरांनी कृपा फाउंडेशनचं व्यसनमुक्तीचं काम सुरू केलं. पुण्यात मुक्तांगण १९८६ ला उभं राहिलं. ही नावं मोठी. मामांच्या फेरीची लांबी दीड किलोमीटर.

पुलाखाली, दुभाजकाजवळ, बंद शटरच्या पायरीवर. मामा वाकून बोलत नाहीत, खाली बसतात. स्टेशनबाहेर भिंतीला टेकून एक पंचेचाळिशीचा माणूस आहे. दारूखान्याच्या जहाजतोडणीत गॅसकटर चालवायचा. मामा त्याला गणपतीच्या आधीपासून ओळखतात.

'मामा, वीस रुपये.'

'अंडं खा.'

'अंडं जात नाही. अंग कापतंय.'

'दिसतंय. सकाळपासून किती झाली?'

'एक क्वार्टर.'

'खरं सांग.'

'दीड.'

देशीची क्वार्टर आता ऐंशीला आहे. कटरवर असताना दिवसाला आठशे सुटायचे. हात कापायला लागल्यावर कटर कोण देणार? आता पुठ्ठा वेचतो. किलोला दहाबारा रुपये. एका क्वार्टरसाठी आठ किलो पुठ्ठा, म्हणजे डोक्यावरून दोन खेपा. मामा हा हिशेब त्याच्यासमोर मांडत नाहीत. त्याला तो पाठ आहे.

मग तो स्वतःच म्हणतो, 'आज येतो.'

का आज? रात्री कुणीतरी चपला चोरल्या. गणपतीपासून मामा याच्याशी पोराबाळांचं बोलले, लिव्हरचं बोलले, देवाचंही बोलले असतील. काम चपलांनी केलं. मामांना त्याचं काही नाही. 'कारण कुठलंही चालतं,' ते म्हणतात. 'माणूस आला पाहिजे.'

तो चालू शकत नाही, उजवी टाच सुजलीय. पहिला टॅक्सीवाला वास घेऊन निघून जातो. दुसरा मीटर टाकत नाही, शंभर मागतो. एवढ्या अंतराचं भाडं किमान, म्हणजे एकतीस. साठावर तुटतं. मामा मागच्या सीटवर वर्तमानपत्र पसरतात.

११.००

आधी रजिस्टर. त्याच्यासमोर त्याचे खिसे रिकामे करायचे आणि मोठ्याने वाचत लिहायचं. माचिस एक. बिड्या दोन. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं आधारकार्ड. नोझल साफ करायची तार. रोख तेरा रुपये. खाली त्याची सही. हात इतका हलतो की शेवटी अंगठा घेतात.

बिड्या परत मिळतात. पाळकसाहेबांना बिडी पसंत नाही. मामा प्रत्येकाला दिवसाला चार देतात. त्या वेळी पाळकसाहेब अंगणात येत नाहीत.

मग मोरी. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून बँडवाला केसांतून मशीन फिरवतो, शून्य नंबर. दाढीतही उवा आहेत, तीही जाते. कपडे काळ्या पिशवीत बांधून कचऱ्यात. तीन बादल्या गरम पाणी, कार्बोलिक साबण, नारळाच्या शेंडीची घासणी. पहिलं पाणी काळं, दुसरं चहासारखं, तिसऱ्याला पाठीची कातडी दिसायला लागते. मनगटापासून कोपरापर्यंत ठिणग्यांचे बारीक पांढरे डाग. कटरवाल्यांच्या हातांवर ते असतातच.

टाचेची जखम शेवटी. मामा हातमोजे घालतात, टॉर्च तोंडात धरतात. आत अळ्या आहेत. कपाटातून टर्पेंटाइन येतं. कापसावरून चार थेंब जखमेत, आणि थांबायचं. अळ्यांना कोंडल्यासारखं होतं, त्या वर येतात. मग चिमट्याने एकेक, वाटीत. मामा मोजतात. का मोजतात? 'उद्या पुन्हा बघायचं असतं. आज किती निघाल्या ते माहीत असलेलं बरं.' बावीस निघतात. सलाईनने धुणं, बेटाडिन, गॉझ. पाऊण तास गेला. तो माणूस मधे एकदाही ओरडला नाही. मामांना तेच आवडलं नाही. इतकं दुखायला हवं होतं. ते वहीत लिहितात, 'टाच बधिर, शुगर तपासणे.'

१.००

वरण, भात, दुधी. मावशी कळव्याहून येतात, पगार बारा हजार. जेवणाचा खर्च माणशी दिवसाला साधारण नव्वद, त्यात चहा आला. व्यापारी सिलिंडर दीड हजाराच्या वर, महिन्याला सहा. भाजी मंडई उठायच्या वेळी घेतात, तेव्हा दुधी निम्म्या भावात मिळतो. म्हणून दुधी फार.

नवा माणूस दोन घास खातो, उलटी करतो. मावशी न बोलता पेज आणून ठेवतात.

२.१५

फोन. रोज दुपारी मामा तीनचार घरांना लावतात. बहुतेक नंबर बंद असतात. उचलणाऱ्यांत बायका आणि बहिणी जास्त. आज संगमनेरला एका खाटेवरच्या माणसाची बायको उचलते.

'किती दिवस झाले?'

'एकोणीस, ताई.'

'नव्वद झाले की करा. आणि पोराचा नंबर त्यांना देऊ नका.'

मामा 'बरं' म्हणतात. वहीत तिच्या नावापुढे नव्वदाव्या दिवसाची तारीख टाकतात. आत जाऊन त्या माणसाला सांगतात, 'ताईंनी फोन उचलला.' एवढंच सांगतात.

३.३०

पिशव्या. औषधाच्या दुकानांच्या कागदी पिशव्या, शेकड्याला पस्तीस रुपये. डिंक-सोल्युशन चालत नाही, मैद्याची खळ शिजवतात. थरथर उतरलेल्या माणसाच्या तासाला दीडशे होतात, नव्याच्या तीस. पैसे नावावर लिहिले जातात आणि जाताना खात्यात. यातून मिशनला काही सुटत नाही. पण साडेतीन ते साडेपाच ही वाईट वेळ. बाहेर गुत्ते भरायला लागतात आणि इथल्या प्रत्येकाच्या अंगाला ते कळतं. हात गुंतलेले बरे.

५.३०

डॉक्टर. आठवड्यात चार दिवस येतात, व्हिजिटचे पाचशे घेतात, जवळची औषधं वर ठेवून जातात. नव्याचं बीपी १६० वर १००. शुगर २८०. डॉक्टर लिब्रियमचा डोस लिहितात, रोज थोडा उतरता. बी-वनचं इंजेक्शन आजपासून. ग्लुकोजच्या सलाईनआधी बी-वन दिलं नाही तर दारुड्याचा मेंदू कायमचा अधू होऊ शकतो. याची तर शुगरच वाढलेली, त्याला ग्लुकोज नकोच. टाचेसाठी उद्या सकाळी जे. जे. आज रात्री काही कमीजास्त झालं तर लगेच.

'शेवटची कधी घेतली?'

'सकाळी नऊला,' मामाच सांगतात.

६.३०

मीटिंग. गोल बसायचं, एकेकाने बोलायचं, मधे कुणी बोलायचं नाही. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची ही पद्धत १९३५ साली अमेरिकेत ॲक्रनला दोन दारुड्यांच्या गप्पांतून निघाली. इथे ती हिंदी-मराठीत चालते. नाव सांगायचं, मग 'मी बेवडा आहे,' मग बाकीचं. कोण काय बोललं ते बाहेर न्यायचं नाही असा नियम आहे, तेव्हा मीही नेत नाही. दोनदा सगळे मोठ्याने हसले, एवढं सांगायला हरकत नसावी.

७.४५

दारात एक तरुण, हाऊसकीपिंगच्या कंपनीचा निळा शर्ट. आठ महिन्यांपूर्वी इथून बाहेर पडला. आज पगार झाला. बस किमान दहा रुपयांची झाली, तरी परळहून चालत आलाय. वाटेत किती दुकानं लागतात ते तो बोटांवर मोजून दाखवतो. टेबलावर साडेचौदा हजार ठेवतो, एटीएम कार्डही. मामा दोनदा मोजतात, वहीत लिहितात. खोलीचं भाडं तीन हजार मामा उद्या स्वतः नेऊन देणार. आईला पाच मनीऑर्डरने. डब्याचे दोन हजार डबेवालीला. त्याच्या हातात पाचशे.

'हजार द्या ना.'

'शनिवारी ये.'

तो हसतो, पाचशेची घडी मोज्यात घालतो. खिशात ठेवत नाही.

९.००

जेवण, गोळ्या, जीभ वर. दिवे मंद.

१०.२०

नव्याची खाट मामांनी जिन्याजवळ, दिव्याखाली हलवलीय. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. तिसऱ्या रात्री भिंतीवर उंदीर, अंगावर साप दिसायला लागू शकतात. वाटी, चमचा, कोपऱ्यावर घडी घालून ठेवलेला टॉवेल. तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं, हे मामा बँडवाल्याला तिसऱ्यांदा सांगतात.

खाटेवरून आवाज येतो. 'मामा, माझे तेरा रुपये द्या. मी जातो.'

दाराला आतून कडी आहे, कुलूप नाही. जाणाऱ्याला धरून ठेवायचं नाही, ते कायद्यातही बसत नाही. मामा स्टूल ओढून बसतात.

'तेरा रुपयांत काय येतं?'

'चहा.'

'चहा इथे आहे.'

मामा कपाट उघडून जाळीतला साखरेचा डबा काढतात, मग शुगरचा आकडा आठवतो, डबा परत ठेवतात. बिनसाखरेचा चहा. तो एक घोट घेऊन तोंड वाकडं करतो आणि पाळकसाहेबांच्या देवाला एक शिवी हासडतो. मामा ऐकून घेतात. अर्धा कप संपतो. तो आडवा होतो.

मामा उद्याचं लिहितात. सिलिंडर. टर्पेंटाइन संपत आलंय. जे. जे.चा केसपेपर, आठच्या आत रांगेत. भाडं द्यायला परळ. चपला एक जोड, नऊ नंबर, बँडेजवर बसेल अशी.

'दोनला मला उठव,' ते बँडवाल्याला म्हणतात.

'आणि आधीच काही झालं तर?'

'तर आधी उठव. टॅक्सीचे दोनशे टेबलाच्या खणात ठेवलेत. किल्ली ही घे.'