काटेवाडीच्या पडवीतली इंजिनदुरुस्ती

लहान इंजिनाची घरगुती दुरुस्ती ही बहुतेक वेळा साफसफाईच असते. बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या काटेवाडीसारख्या गावात, घरामागच्या पडवीत किंवा पत्र्याच्या शेडात जी इंजिने खोलली जातात ती ठरलेली आहेत: पाठीवरचा फवारणी पंप, ब्रश कटर, पॉवर वीडर, पाणी ओढायचा पेट्रोल पंप आणि एखादे जुने डिझेल इंजिन. यांतली मोडलेली थोडी, उभी राहून बिघडलेलीच जास्त.

त्याचे कारण पिकाच्या वेळापत्रकात आहे. नीरा डाव्या कालव्याचा हा उसाचा पट्टा. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लागतो, मोठी बांधणी होईपर्यंत फवारण्या चालतात आणि एकदा उसात शिरणे अवघड झाले की पंप खुंटीला लागतो. तो खाली उतरतो काही महिन्यांनी. टाकीतले उरलेले पेट्रोल मात्र तसेच राहते. त्यातला हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट, राळेसारखा थर उरतो.

आता त्यात इथेनॉलची भर पडली आहे. देशात पेट्रोलमधले इथेनॉल २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोचले. ते मळीपासून, उसाच्या रसापासून आणि मक्यासारख्या धान्यापासूनही तयार होते. म्हणजे उसाच्या फडातून निघालेला माल फिरून उसाच्याच फवारणी पंपात येतो. रोज चालणाऱ्या मोटारसायकलीत हे मिश्रण फार दिवस पडून राहत नाही. बंद पंपात ते हवेतली ओल ओढून घेते आणि पाणी प्रमाणाबाहेर गेले की इथेनॉल व पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळे बसतात. नेमका तिथूनच इंजिनाला पुरवठा होतो. शिवाय जुन्या यंत्रातल्या रबरी नळ्या आणि पडदे इथेनॉलने फुगतात किंवा कडक होतात.

दुरुस्तीला बसण्याआधी फवारणी पंप साबणाच्या पाण्याने धुतला पाहिजे. त्याच्या पट्ट्यांवर आणि टाकीच्या बुडाला औषधाचा अंश असतो आणि पुढचे काम उघड्या हातांनी चालते. जागा हवेशीर हवी, चूल आणि गॅस लांब हवेत. बंद शेडात इंजिन चालवून पाहणे तर मुळीच नको, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पहिली तपासणी प्लगची. प्लग काढून टोपीत बसवायचा, त्याची धातूची बाजू इंजिनाला टेकवायची आणि दोरी ओढायची. हे करताना प्लगच्या उघड्या भोकाजवळ ठिणगी नको, आतून पेट्रोलची वाफ बाहेर पडत असते. ठिणगी निळी आणि कडक पडली तर विजेची बाजू ठीक आहे. प्लगचे टोक ओले असेल तर पेट्रोल येते पण पेटत नाही. दोरी बरीच ओढूनही ते कोरडेच असेल तर पेट्रोल पोचतच नाही. ठिणगी नसेल तर आधी नवा प्लग लावून पाहावा, मग बंद करायच्या बटणाची वायर कुठे घासून बॉडीला लागली आहे का ते बघावे. कॉइल बदलण्याची पाळी शेवटी येते. कॉइल आणि फ्लायव्हील यांच्यामधले अंतर साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर ठेवतात. पुष्कळ मिस्त्री त्यासाठी मध्ये व्हिजिटिंग कार्ड सरकवून स्क्रू आवळतात, आणि ते माप जमतेही.

खरे काम कार्बोरेटरचे. पेट्रोल पंपाच्या चार-स्ट्रोक इंजिनात खाली वाटी आणि तरंगणारा फ्लोट असतो. वाटी सोडली की तळाशी पांढरट भुकटी आणि तपकिरी चिकटा दिसतो. मधला पितळी जेट काढून उजेडाकडे धरावा, भोक गोल दिसले पाहिजे. ते मोकळे करायला सर्रास क्लच वायरची तार घालतात, पण पोलादाने पितळ घासून भोक मोठे होते आणि मग इंजिन कायमचे जास्त पेट्रोल पिते. कार्बोरेटर क्लीनर, हवेचा दाब किंवा विजेच्या वायरीतली तांब्याची एक बारीक तार पुरते. ब्रश कटर वाकडा-तिकडा धरूनही चालावा लागतो, म्हणून त्यात बहुधा फ्लोटऐवजी पातळ पडदा असतो. हा पडदा बोटाने दाबल्यावर कडक, कागदासारखा वाजला तर धुण्यात अर्थ नाही, नवा घालावा.

दोन-स्ट्रोक आणि चार-स्ट्रोक यांची गल्लत मात्र महागात पडते. दोन्ही प्रकारची यंत्रे पाठीवर सारखीच दिसतात. दोन-स्ट्रोकला वेगळी ऑइलची कुंडी नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले टू-टी ऑइलच क्रँक आणि पिस्टनला वंगण देते. उत्पादकाने २५:१ सांगितले असेल तर लिटरला ४० मिली, ५०:१ असेल तर २० मिली. साधे पेट्रोल भरून असा पंप चालवला की काही वेळात पिस्टन जाम होतो. सायलेन्सर काढून धुराच्या भोकातून डोकावले तर पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे दिसतात. ते दिसले की कार्बोरेटर साफ करत बसू नये. होंडाच्या जीएक्स३५ सारख्या चार-स्ट्रोक इंजिनात याच्या उलट: पेट्रोल साधे, आणि कुंडीत सुमारे १०० मिली इंजिन ऑइल वेगळे. जीएक्स१६० च्या काही नमुन्यांत ऑइल कमी झाले की ठिणगीच बंद होते. अशा इंजिनाचा प्लग आणि कॉइल बदलून झाल्यावर ऑइलची काडी बघणारे लोक कमी नाहीत.

चार-स्ट्रोकला वर्षाकाठी व्हॉल्व्हचा गॅप पाहावा लागतो. इंजिन थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून, फिलर गेजने. जीएक्स१६० ला आत घेणाऱ्या व्हॉल्व्हसाठी ०.१५ आणि बाहेर टाकणाऱ्यासाठी ०.२० मिलिमीटर.

डिझेल इंजिन ही वेगळी जात. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ मध्ये पुण्यात सुरू झाली आणि तिचे पाच हॉर्सपॉवरचे एव्ही१ इंजिन विहिरी-कालव्यांवर ठिकठिकाणी बसले. विजेच्या मोटारी आल्यावर ही इंजिने मागे पडली, पण कित्येक अजून चालू अवस्थेत आहेत. यात प्लग नाही, कार्बोरेटर नाही. टाकी रिकामी होऊन पाइपात हवा शिरणे ही नेहमीची तक्रार. आधी फिल्टरचा बोल्ट, मग पंपाचा, असे एकेक ढिले करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यायचे आणि शेवटी नोझलचा नट सैल करून हँडल फिरवायचे. हँडल धरताना अंगठा चारही बोटांच्याच बाजूला ठेवतात, म्हणजे इंजिनाने उलटा झटका दिला तर हात सुटतो आणि मनगट वाचते.

लहान पंपाचा सिलिंडर-पिस्टन तयार किटमध्ये मिळतो, त्यामुळे तो घरी बदलता येतो. क्रँकचे बेअरिंग प्रेसवर काढावे लागते, त्यासाठी यंत्र बारामतीला न्यावे. डिझेलच्या नोझलचेही तेच: तो टेस्टिंग मशीनवर लावून फवारा कसा पडतो ते पाहावे लागते, आणि तो फवारा इतक्या दाबाने येतो की कातडी भेदून आत जातो.